आवारातील हरळी

शेतकऱ्याच्या तोंडी हरळीचे नाव बहुधा शिवीला जोडूनच येते. नांगरट झाली, ढेकळे फुटली, की घरातील बायामाणसे पाट्या घेऊन रानात उतरतात आणि जमिनीखालून धावणाऱ्या तिच्या पांढऱ्या काशा वेचून बांधावर फेकतात. बांधावर उन्हात वाळून कोळ झालेली काशी पहिल्या वळवाने पुन्हा हिरवी होते, आणि वर्षभराची मेहनत हसण्यावारी नेते. अशा या गवताची आम्ही पोती भरभरून मागणी केली, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याने मोठ्या गंभीरपणे आमच्याकडे पाहिले आणि म्हटले, “फादर, जिला मारताना आमची हयात गेली, ती तुम्ही पेरणार? न्या, न्या. लागंल तेवढी न्या. पैसं नकोत.” पोती मात्र परत द्यावी, असे त्यांनी बजावले.

ही मागणी का करावी लागली, ते सांगतो. कारण घरापुढे, शाळेपुढे वा देवळापुढे गवत लावावे अशी इच्छा हल्ली गावोगाव दिसू लागली आहे. आणि कोणते गवत लावावे, ते कसे राखावे, याविषयी मात्र रोपवाटिकेतील विक्रेता सांगेल तेवढेच आपणांस ठाऊक असते.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेस, जांभ्या मातीच्या पट्ट्यात आहे. देवळापुढील आवार सुमारे बारा गुंठ्यांचे, आणि त्यास शाळेच्या बाजूने उतार. उन्हाळ्यात तांबडी धूळ थेट वेदीपर्यंत येई. पावसाळ्यात तीच धूळ चिखल होऊन शाळेच्या भिंतीशी जाऊन बसे. दर पावसाळ्यात वरच्या अंगाची माती थोडी थोडी वाहून जात होती, आणि जोत्याचे दगड उघडे पडत चालले होते. म्हाताऱ्या माणसांना मिस्सेनंतर त्या घसरड्यावरून उतरणे म्हणजे एक परीक्षाच. तेव्हा आवारास काही तरी आच्छादन हवे, याविषयी कोणाचे दुमत नव्हते.

मतभेद झाला तो एका देणगीवरून. आमच्या गावचा एक तरुण आखातात नोकरीस आहे. त्याची आई तीन वर्षांपूर्वी वारली. सुट्टीवर आला असता तो आमच्याकडे आला आणि मोबाईलवरील एक छायाचित्र दाखवून म्हणाला, “फादर, आईच्या नावानं एवढं करू द्या. सगळं आवार असं हिरवंगार करू. खर्च माझा.” छायाचित्र एका मोठ्या उपाहारगृहाच्या अंगणाचे होते. तेथील गवत गालिच्यासारखे गुंडाळून आणतात आणि अंथरतात. दुसऱ्या दिवशी पाहावे तर जणू जन्मापासून तेथेच उगवले आहे. शहरातील एका रोपवाटिकेने त्यास दरही सांगून ठेवला होता. गवताचे नाव ‘मेक्सिकन’.

या नावांचा एक स्वतंत्र विनोद आहे. आपल्याकडे ‘मेक्सिकन’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा झॉयसिया कुळातील असते, आणि झॉयसियाचे माहेर पूर्व व आग्नेय आशिया. मेक्सिकोचा त्याच्याशी संबंध नाही. झॉयसिया हे नावही कार्ल फॉन झॉइस नावाच्या अठराव्या शतकातील एका युरोपीय वनस्पतिप्रेमी गृहस्थावरून पडलेले. ज्यास इंग्रजीत ‘बर्म्युडा’ म्हणतात, ते गवत बर्म्युडा बेटांचे मूळचे नव्हेच. ती आपली हरळी. संस्कृतात दूर्वा, हिंदीत दूब, आमच्या कन्नड शेजाऱ्यांची गरिके. शास्त्रज्ञांनी तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन असे नाव दिले आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात, आणि दुसऱ्यात बोटांचा उल्लेख आहे. तिचा तुरा पाहावा, चार-पाच बोटे पसरल्यासारखा दिसतो. म्हणजे आमच्या गावचा तरुण परदेशी नावाचे गवत विकत आणू पाहत होता, आणि परदेशातील लोक ज्या गवतासाठी पैसे मोजतात ते आमच्या बांधावर फुकट वाळत पडले होते.

गवतांचे दोन मोठे वर्ग आहेत: थंड हवेत वाढणारी आणि उष्ण हवेत वाढणारी. इंग्लंडातील हिरवळींची जी वर्णने आपण वाचतो, ती पहिल्या वर्गातील राय वगैरे गवतांची. त्यांना पंधरा ते चोवीस अंश सेल्सिअसची हवा मानवते. आपल्या एप्रिलात ती टिकावयाची नाहीत. हरळी, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन, कार्पेट ग्रास ही दुसऱ्या वर्गातील. सत्तावीस ते पस्तीस अंशांत ती खरी फोफावतात. याचे कारण पानांच्या आतील घडणीत आहे. हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसावर प्रयोग करून १९६६ साली दाखवून दिले की, काही वनस्पती हवेतील कर्ब प्रथम चार कर्बाणूंच्या पदार्थात बांधतात आणि मग तो आतल्या पेशींत नेऊन वापरतात. या जादा खटाटोपामुळे प्रखर उन्हात त्यांचे काम अडत नाही, आणि पानांची रंध्रे फार उघडी न ठेवताही भागत असल्याने पाणी पुष्कळ कमी लागते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सारी या पंक्तीतील; गहू आणि भात त्या पंक्तीबाहेरचे. हरळी ही ज्वारी-बाजरीची नातलग आहे, एवढे लक्षात ठेवले तरी तिचा स्वभाव अर्धाअधिक कळतो.

नात्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. अमेरिकेत जॉर्जिया संस्थानातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन नावाचे गवततज्ज्ञ होते. त्यांनी हरळी आणि तिची आफ्रिकेतील एक बहीण यांच्या संकरातून ‘टिफवे’ ही जात काढली. १९६० साली प्रसृत झालेली ही जात आजही जगातील क्रीडांगणांवर लावतात. तिला बी धरत नाही, तुकडेच लावावे लागतात. याच बर्टन यांनी तयार केलेला बाजरीचा एक नर-वंध्य वाण भारतात आला आणि त्यापासून लुधियाना येथे आपली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार होऊन १९६५ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. पुढे सत्तरीच्या दशकारंभी गोसावी रोगाने त्या संकरित बाजरीची वाताहत केली, हेही खरे. परंतु क्रीडांगणाचे गवत आणि गरिबाची भाकरी एकाच माणसाच्या हातून सुधारावी, याचे आम्हांस राहून राहून कौतुक वाटते.

असो. आमच्यापुढे प्रश्न होता पाण्याचा. हिरवे गवत उन्हाळ्यात हिरवेच ठेवावयाचे तर त्यास आठवड्यास सुमारे पंचवीस मिलिमीटर पाणी द्यावे लागते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे एका गुंठ्यास अडीच हजार लिटर. बारा गुंठ्यांस आठवड्याला तीस हजार. दिवसाला सुमारे चार हजार तीनशे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत खेड्यातील माणसामागे रोजचे पंचावन्न लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने आमचे आवार अठ्ठ्याहत्तर माणसांचे पाणी पिणार होते. ज्या विहिरीवरून ते घ्यावयाचे तिच्यावर खालच्या वाडीतील चाळीस घरे अवलंबून आहेत, आणि एप्रिलअखेर त्या विहिरीत घागर बुडत नाही, तांब्याने भरावी लागते.

हा हिशेब आम्ही त्या तरुणापुढे मांडला. तो खट्टू झाला, यात नवल नाही. आईच्या स्मरणार्थ देऊ केलेल्या वस्तूचा कोणी लिटरांत हिशेब करू लागला, तर आम्हांसही बरे वाटले नसते. “कूपनलिका खोदू, तीही मी देतो,” असे तो म्हणाला. आम्ही त्यास सांगितले की, बाळ, कूपनलिका निराळी असली तरी जमिनीखालचे पाणी निराळे नसते. आपल्या नळीने ओढले की वाडीच्या विहिरीतले उतरते. त्यावर तो बोलला नाही. त्याच्या वडिलांनी मात्र एवढेच म्हटले की, “त्याची आई पंधरा वर्षं त्याच विहिरीवर रांगेत उभी राहत होती.” तरुणाने मान खाली घातली आणि विषय त्या दिवशी तेथेच थांबला.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत पुन्हा चर्चा झाली. काहींचे म्हणणे असे की, हरळी उन्हाळ्यात पिवळी पडणार. मे महिन्यात लग्नांचा हंगाम, पाहुण्यांपुढे ते कसे दिसेल? आक्षेप खरा होता आणि आम्ही तो नाकारला नाही. पाणी न घातलेली हरळी मार्चपासून करडी होऊ लागते आणि मेमध्ये वाळल्यासारखी दिसते. परंतु ती मेलेली नसते. जमिनीखालच्या काशांत जीव राखून ती झोपी जाते आणि पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत उठते. मुख्य म्हणजे वाळलेली असतानाही तिचे जाळे माती धरून ठेवते, आणि आम्हांस तेच हवे होते. शिवाय गालिच्याच्या गवतावर मुलांना खेळू द्यावयाचे नाही, सुगीत बायांनी वाळवण घालावयाचे नाही, अशा पाट्या लावाव्या लागल्या असत्या. देवळाच्या आवारात तशी पाटी लावण्यास आमचे मन घेत नव्हते. शेवटी बहुमत हरळीच्या बाजूने पडले.

लागवडीची रीत सांगतो. मेच्या आरंभी आम्ही आवार वीतभर खणून घेतले आणि लव्हाळ्याच्या गाठी, दगडगोटे वेचून काढले. मातीची परीक्षा करवली, तेव्हा ती आंबट निघाली. जांभ्या मातीत, जोराच्या पावसाच्या मुलखात हे नेहमीचेच. सांगितल्याप्रमाणे गुंठ्यास वीस किलो चुना टाकून मिसळला. मग तळ्यातील गाळ आणि चांगले कुजलेले शेणखत पसरून, सपाटी करून, उताराला शाळेपासून दूर वळण दिले. पाणी भिंतीकडे न जाता बाहेरच्या चरात जावे, ही दक्षता कोणत्याही गवतापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. गवत लावून उतार सुधारत नाही.

जूनमध्ये पाऊस लागून राहिल्यावर काशांचे बोटभर तुकडे करून, चार चार बोटांच्या अंतराने, निम्मा भाग मातीत जाईल असे लावले. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पेरे असावेत. मुळे तेथूनच फुटतात. रविवारच्या मिस्सेनंतर शाळेतील मुले आणि त्यांच्या आया ओळीने बसल्या आणि दोन रविवारांत काम उरकले. घाई असेल तर दुसरीही एक रीत आहे. ताजे शेण, माती आणि पाणी यांचा काला करून त्यात गवताचे बारीक तुकडे कालवावे आणि तो जमिनीवर बोटभर जाडीने सारवावा. अंगण सारवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही रीत कोणी शिकवावयास नको. तीव्र उतारावर मात्र जोराच्या पावसात ती वाहून जाण्याचे भय असते.

शेजारच्या शेतकऱ्याची भीती रास्त होती. त्याचा भुईमूग आवाराला लागून आहे, आणि हरळीला सीमा कळत नाहीत. आम्ही कडेने हातभर खोल चर घेऊन त्यात जांभ्याचे चिरे उभे बसविले, आणि महिन्यातून एकदा त्यावरून जाणारे धुमारे विळ्याने छाटतो. हे काम चुकविता येत नाही. ज्याच्या घराभोवती पीक आहे आणि ज्यास एवढा व्याप नको, त्याने हरळी लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कापणीविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. गवत जितके बारीक कापावे तितके चांगले, असे समजून ते मुळापाशी तासतात आणि मग तण माजले म्हणून कुरकुरतात. नियम असा की, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. हरळी दीड-दोन इंचांवर राखावयाची असेल, तर ती तीन इंच होण्यापूर्वीच यंत्र फिरवावे. पावसाळ्यात म्हणून आठवड्यास एकदा तरी कापणी लागते. थंडीत महिन्यातून एकदाही पुरते. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत. ते कुजून खताची सुमारे चौथाई गरज भागवितात. आमच्याकडे मात्र ही शिकवण पाळली जात नाही, कारण खालच्या वाडीतील एक विधवा बाई आपल्या शेळ्यांसाठी ते तुकडे गोळा करून नेते, आणि तिला नको म्हणण्याचा विचारही आमच्या मनात आलेला नाही.

खत म्हणून पहिला पाऊस स्थिरावल्यावर आणि पुन्हा सप्टेंबरात गुंठ्यास एक किलो युरिया, ओल असताना, हात राखून विखुरतो. एके ठिकाणी मूठ पडली तर तेथे जळका डाग पडतो. हिवाळ्यात खत देऊ नये. पारा दहा-बारा अंशांखाली गेला की उष्ण हवेचे गवत वाढ थांबविते, मग दिलेले वाया जाते. ग्वाल्हेरच्या वाचकांना जानेवारीत आपली हिरवळ तांबूस झालेली दिसते, ती रोगाने नव्हे. फाल्गुनात ती आपोआप परत येते.

दोन शत्रू ओळखून ठेवावेत. एक लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण त्याची काडी बोटांत फिरविली की तिधारी लागते. तो वरून उपटल्यास जमिनीतील गाठी तशाच राहतात आणि दुप्पट जोमाने येतात. ओल्या मातीत खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. दुसरा शत्रू हुमणी, आमच्या ऊसवाल्यांची जुनी ओळखीची. पावसाळ्यात ठिकठिकाणी गवत पिवळे पडले आणि हाताने ओढताच गोधडीसारखे उचलून आले, तर खाली पांढऱ्या वाकड्या अळ्या मुळे खात आहेत असे समजावे. औषधापेक्षा सोपा उपाय असा की, वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडे हलवून पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. मुलांना हे काम फार आवडते.

चिंचेच्या झाडाखाली हरळी आली नाही, आणि येणारही नव्हती. तिला दिवसाचे सहा तास तरी उघडे ऊन हवे. सावलीसाठी रुंद पानांचे कार्पेट ग्रास किंवा सेंट ऑगस्टीन चालते. गोव्यातील आणि कोकणपट्टीतील वाचकांना ते सहज साधेल, कारण त्यांच्याकडे ओल आहे. आमच्याकडे ते उन्हाळ्यात तग धरत नाही. म्हणून झाडाखाली आम्ही फरश्या टाकून एक बाक ठेवला.

त्या तरुणाची देणगी आम्ही परत केली नाही, आणि त्यानेही मागितली नाही. त्याच्याच सूचनेवरून तिच्यातून शाळेच्या छपराचे पाणी साठविण्याची टाकी बांधली. क्रुसापुढील अर्ध्या गुंठ्यात मात्र त्याने आणलेले झॉयसियाच लावले आहे. वसतिगृहाच्या न्हाणीचे पाणी तिकडे वळविले आहे. त्या तुकड्याला रोज पावणेदोनशे लिटर लागतात, आणि तेवढे तेथून मिळते. झॉयसिया मंद वाढते, महिन्यातून एकदा कापले तरी चालते. त्या जागेवर आम्ही दगडात आईचे नाव कोरविले नाही. तिच्या नवऱ्याला ते नको होते. दर शनिवारी तो स्वतः येऊन कात्रीने कडा नीट करतो.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारच्या आळीतील मुले दूर्वा खुडण्यास येतात. तीन पानांच्या कोवळ्या जुड्या त्यांना हव्या असतात, आणि त्या कापलेल्या हरळीतच चांगल्या मिळतात. बाकी आवार आता बहुतेक भरले आहे. चेंडू खेळणाऱ्या मुलांनी दोन्ही खांबांपुढची जमीन मात्र टक्कल पाडून ठेवली आहे. तेथे दर आषाढात नव्या काशा लावाव्या लागतात, आणि त्या आणावयास आम्ही पुन्हा त्याच वृद्ध शेतकऱ्याच्या बांधावर जातो.